टेरी प्रॅचेट: कुणालाच उसनं न देण्याचं पुस्तक कोणतं?

कासवगती

नमस्कार मंडळी,

आवडत्या पुस्तकांचे धागे इथे पुष्कळ झाले आणि दर वेळी तेच होतं. 'छे, एक कसं सांगणार, सगळीच आवडतात' असं म्हणून लोक सुटतात. म्हणून या वेळी प्रश्न पुणेरी पद्धतीने विचारतेय. टेरी प्रॅचेटचं असं कोणतं पुस्तक तुमच्याकडे आहे, जे तुम्ही सख्ख्या भावालाही घरी न्यायला देत नाही? इथे बसून वाच, चहा टाकते, पण पिशवीत घालायचं नाही, असं. एकच सांगा. आणि का, तेही.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रॅचेट (१९४८-२०१५) इंग्लंडमधला. आधी वार्ताहर, मग तिथल्या वीजमंडळाचा प्रसिद्धी अधिकारी (अणुवीज केंद्रांबद्दल लोकांची समजूत घालणं हे त्याचं काम; विनोदबुद्धी तिथेच तासून निघाली असणार), आणि १९८७पासून पूर्णवेळ लेखक. 'डिस्कवर्ल्ड' ही त्याची मालिका १९८३मध्ये सुरू झाली आणि २०१५पर्यंत चालली. एकूण ४१ कादंबऱ्या. जग सपाट आहे, ते चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवर, आणि कासव अंतराळात पोहतंय. आपल्याला कूर्म आणि दिग्गज लहानपणापासून माहीत, त्यामुळे पहिल्या पानावर इंग्रज वाचक जसा चकित होतो तसे आपण होत नाही. आपण म्हणतो, बरं, पुढे?

माझं उत्तर: 'स्मॉल गॉड्स' (१९९२).

ओम नावाचा महान देव पृथ्वीवर अवतार घ्यायला निघतो. बेत बैलाबिलासारख्या भव्य रूपाचा, पण होतो साधं कासव, तेही एका डोळ्याचं. कारण असं की या जगात देवाची ताकद भक्तांच्या श्रद्धेवर ठरते. ओमच्या नावाने अख्खं साम्राज्य चाललंय, लाखो लोक त्याची प्रार्थना करतात, पण मनापासून मानणारा उरलाय एकच, ब्रूथा नावाचा मठातला बागकाम करणारा पोरगा. बाकीचे सगळे मानतात ते मठाला, आणि मठापेक्षाही मठाच्या तळघरातल्या चौकशीखात्याला. त्या खात्याचा प्रमुख व्हॉर्बिस. आरडाओरडा नाही, राग नाही, शांत माणूस. मी वाचलेल्या खलनायकांत इतका थंड दुसरा नाही.

आणि ज्यांना कुणीच मानत नाही ते छोटे देव वाळवंटात वाऱ्यासारखे कुजबुजत फिरतात, कुणीतरी एक भक्त मिळावा म्हणून. हे वाचल्यापासून मला पेठांतून सरळ चालताच येत नाही. खुन्या मुरलीधर, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, जिलब्या मारुती, डुल्या मारुती, पत्र्या मारुती, गुपचूप गणपती, दाढीवाला दत्त. एवढी टोपणनावं ठेवण्याइतकी सलगी आपण आपल्या देवांशी केली, म्हणून त्यातला एकही वाळवंटात गेला नाही, असा माझा सिद्धांत आहे.

आता तुम्ही बोला.

मुठाकाठचा

मी पयला!

'गार्ड्स! गार्ड्स!' (१९८९). आंख-मॉरपॉर्क नावाचं शहर, आणि त्यातून वाहणारी आंख नदी. वाहणारी म्हणजे आपलं म्हणायचं. पाणी इतकं दाट की त्यावरून चालत जाता येतं. उन्हाळ्यात भिडे पुलावरून जाताना मला हे हटकून आठवतं आणि नाक दाबून हसू येतं.

शहरात चोरांचा अधिकृत संघ आहे. चोरी झाली की चोर रीतसर पावती देतो, आणि वर्षाचा कोटा संपला की त्रास नाही. गस्तीच्या पोलिसांना त्यामुळे कामच उरलेलं नाही. कॅप्टन व्हाइम्स गटारात पडलेला सापडतो तिथून पुस्तक सुरू होतं. मग कॅरट येतो. बुटक्यांच्या घरात वाढलेला सहा फुटी दत्तक मुलगा. कायद्याचं जुनं पुस्तक पाठ करून आलेला, आणि आल्या आल्या चोर संघाच्या अध्यक्षालाच अटक करतो, कारण पुस्तकात चोरी गुन्हा आहे असं लिहिलंय!

मग ड्रॅगन येतो. पण ड्रॅगनपेक्षा भारी काय, तर लोक आठवड्याभरात ड्रॅगनशी कसं जुळवून घेतात ते.

जमाखर्च

मुठाकाठचा यांना +१, पण माझं पुस्तक त्यापुढचं, 'मेन ॲट आर्म्स' (१९९३). खरं सांगायचं तर त्यातलं एक पानच. बाकीचं पुस्तक दिलं असतं, ते पान फाडून ठेवता येत नाही म्हणून देत नाही.

व्हाइम्सचा बुटांचा सिद्धांत. पगार महिना ३८ डॉलर. चांगले बूट ५० डॉलरला, दहा वर्षं टिकतात. परवडणारे बूट १० डॉलरला, एक-दोन हंगाम चालतात, मग पुठ्ठ्याचा तळ फाटून पाणी आत. म्हणजे पैसेवाला ५० डॉलरमध्ये दहा वर्षं कोरड्या पायांनी फिरतो, आणि गरीब माणूस तेवढ्या काळात शंभर डॉलर घालवतो आणि तरी त्याचे पाय ओलेच. गरिबी महाग असते हे मी वाणिज्य शाखेत पाच वर्षं घालवून शिकलो नाही ते इथे शिकलो.

२०२२मध्ये ब्रिटनमध्ये जॅक मनरो या लेखिकेने स्वस्तातल्या किराणा मालाच्या भाववाढीवर लक्ष ठेवणारा एक निर्देशांक जाहीर केला, त्याला नाव दिलं 'व्हाइम्स बूट्स इंडेक्स'. प्रॅचेटच्या वारसांनी नाव वापरायला परवानगी दिली. सरकारी महागाईचा आकडा सरासरी सांगतो आणि सर्वात स्वस्त तांदळाचा भाव किती वाढला ते त्यात बुडून जातं, असं तिचं म्हणणं होतं. आमच्या धंद्यात रोज दिसतं हे. ज्याला वर्षाचे गहू एकदम भरता येतात त्याला किलोचा भाव वेगळा, आणि जो पाच-पाच किलो आणतो त्याला वेगळा.

खवट

वाटलंच होतं, बूट येणार. प्रॅचेटचा धागा आणि बूट नाहीत असं होत नाही.

माझं उत्तर 'द कलर ऑफ मॅजिक' (१९८३). हो, तेच, जे सगळे 'पहिलं आहे पण त्याने सुरुवात करू नका' असं सांगतात. मी ते कुणाला देत नाही, कारण कुणी मागतच नाही.

त्यात टूफ्लॉवर नावाचा पर्यटक आहे, डिस्कवरचा पहिला पर्यटक. खिशात सोनं, गळ्यात चित्रं काढणारी पेटी, आणि जे दिसेल ते 'अहाहा'. मागून त्याची पायांची ट्रंक चालत येते, जी मालकाला त्रास देणाऱ्याला गिळते. हा माणूस विमा कंपनीतला कारकून. तो एका खानावळवाल्याला आगीचा विमा समजावून सांगतो आणि थोड्याच वेळात शहर पेटतं. आर्थिक साक्षरतेवर याहून नेमकं मी काही वाचलेलं नाही. जमाखर्च यांनी नोंद घ्यावी.

तळटीप

खवट, तुमचं कौतुक वाटतं, पण नवीन वाचकाला ते न देण्याचं कारणही आहे. पहिली दोन पुस्तकं त्या काळच्या तलवार-आणि-जादू छापाच्या कादंबऱ्यांची टिंगल आहेत. फ्रिट्झ लायबर, लव्हक्राफ्ट, ॲन मॅकॅफ्री हे वाचलेलं नसेल तर निम्मे विनोद डोक्यावरून जातात. पुढे त्याने टिंगल करायचं सोडलं आणि विषय घेतले: टपाल, छापखाना, बँक, युद्ध, धर्म, रेल्वे. १९८७च्या 'मॉर्ट'पासून गाडी रुळावर आली असं माझं मत.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), त्याच्या बहुतेक कादंबऱ्यांना प्रकरणंच नाहीत. आणि तळटिपा आहेत. पुष्कळ. माझं नाव तिथूनच.

नवखा_वाचक

मी यातलं एकही वाचलेलं नाही. ४१ म्हणजे फार झाली हो. नेमकं कुठून सुरू करू? क्रमाने वाचावी लागतात का?

मुठाकाठचा

गार्ड्स! गार्ड्स!

तळटीप

मॉर्ट.

खवट

कलर ऑफ मॅजिक. माणसाने सुरुवात सुरुवातीपासून करावी.

रात्रपाळी

इथे फक्त वाचायला येते, लिहीत नाही कधी. पण आज लिहिते.

मी परिचारिका आहे, आणि माझ्या विभागातून बरे होऊन घरी जाणारे थोडे असतात. मला 'रीपर मॅन' (१९९१) एका रुग्णानेच वाचायला दिलं होतं. त्यांची मुलगी नंतर म्हणाली, राहू दे तुमच्याकडे. त्यामुळे ते द्यायचा प्रश्नच नाही.

डिस्कवर मृत्यू हे एक पात्र आहे. सांगाडा, काळा झगा, कोयता, सगळं चित्रातल्यासारखं. पण त्याच्या पांढऱ्या घोड्याचं नाव बिंकी, त्याला मांजरं आवडतात, आणि झणझणीत रस्सा आवडतो. या पुस्तकात त्याला नोकरीवरून काढतात. विश्वाचे हिशेब तपासणारे कोणी आहेत, त्यांना वाटतं की हा माणसांत जरा जास्तच गुंतायला लागलाय. मग तो बिल डोर नाव घेऊन एका म्हातारीच्या शेतावर गडी म्हणून राहतो. ती त्याला कापणीला लावते. तो एकेक काडी वेगळी कापतो. ती म्हणते, अरे पेंढी धर की, पण तो एकेकच कापतो, आणि तरी सगळ्यांच्या आधी शेत संपवतो.

आमच्याकडे रात्री दोन-तीन वाजता कुणी गेलं की कागदपत्रांची घाई असते. पलंग लगेच लागतो. तेव्हा मी स्वतःला सांगते, एकेक काडी. नळ्या काढताना घाई करत नाही, केस नीट करते, नाव घेऊन बोलते. वरिष्ठांना वाटतं मी हळू आहे.

पुढे त्याच्या जागी नवा मृत्यू येतो, तो मुकुट घालून येतो. तेव्हा बिल डोर जे चिडतो ना! पुढचं सांगत नाही. वाचा.

कासवगती

रात्रपाळी, लिहीत जा हो.

आजीचा_बटवा

रात्रपाळीताईंचं वाचून थोडा वेळ गेला मग टंकायला बसले. माझी पसंती चेटकिणींना. ग्रॅनी वेदरवॅक्स, नॅनी ऑग आणि बिचारी मॅग्रट. पुस्तक 'विचेस अब्रॉड' (१९९१).

मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. आयुष्यभर पोरांना राजकन्येच्या गोष्टी सांगितल्या. या पुस्तकात एक परीमाता आहे, तिने अख्ख्या शहराला गोष्टीत कोंबलंय. खानावळवाला गुबगुबीत आणि हसरा असलाच पाहिजे, खेळणी करणाऱ्याने काम करताना गाणं म्हटलंच पाहिजे, नाही म्हटलं तर तुरुंग. आणि मोलकरणीने राजपुत्राशीच लग्न करायचं, तिला तो बेडूक आवडो न आवडो. ग्रॅनी वेदरवॅक्स ते सगळं मोडायला जाते. सुखान्तसुद्धा दुसऱ्यावर लादायचा नसतो, हे सांगणारी म्हातारी मला परीकथांत पहिल्यांदाच भेटली.

ही बाई चेटकीण असून जादू क्वचितच करते. तिचं मुख्य शास्त्र माणसाचं डोकं ओळखण्याचं. आमच्या वाड्यात एक सुईण होती, गल्लीतल्या सुना सासूपेक्षा तिला घाबरायच्या आणि अडचणीत आधी तिच्याकडेच जायच्या. तिला ग्रॅनी लगेच कळली असती.

अजून एक. 'कार्पे जुगुलम'मध्ये (१९९८) एका तरुण धर्मोपदेशकाशी तिचा वाद होतो. तो म्हणतो पाप हा गुंतागुंतीचा विषय आहे, करड्या छटा वगैरे. ती म्हणते, माणसांना वस्तू समजून वागवणं हेच पाप, तुझ्यासकट, आणि बाकी सगळं तिथूनच सुरू होतं. निवृत्तीच्या भाषणात मी हे म्हटलं होतं. कुणाचं आहे ते सांगितलं नाही, लोकांना वाटलं संतवचन असेल.

धनगरवाडा

आज्जी, मग टिफनी तुमच्या लेकीसारखी म्हणा.

'द वी फ्री मेन' (२००३). मुलांसाठी म्हणून लिहिलेलं. मी तिशीत वाचलं. टिफनी एकिंग, वय वर्षं नऊ, मेंढपाळाची पोर. परीराणी तिच्या चिकट्या धाकट्या भावाला पळवून नेते. भाऊ काही तिला फार आवडतो असं नाही. पण तो तिचा आहे. म्हणून ती हातात लोखंडी तवा घेऊन निघते.

मी पुरंदरकडचा. पावसाळा सरला की आमच्याकडून मेंढरं कोकणात उतरायची, घोड्यावर बिऱ्हाड, कुत्री, कोंबड्या. आता पुण्यात राहतो आणि बायपासला मेंढरं आडवी आली की मागचे गाडीवाले हॉर्न मारतात. मी उतरून बाजूला उभा राहतो. टिफनीची मेलेली आजी, ग्रॅनी एकिंग, या पुस्तकात जवळजवळ बोलतच नाही. तंबाखू, मेंढरं, दोन कुत्री, आणि सगळं शिवार तिच्या शब्दाबाहेर नाही. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने कुणीतरी बोललं पाहिजे, एवढं तिचं म्हणणं. असली बाई पुस्तकात असू शकते हेच मला माहीत नव्हतं. परदेशी पुस्तकात तर नाहीच.

निळे, सहा इंची, दारू पिऊन मारामाऱ्या करणारे फीगल लोक आहेत ते वेगळेच. त्यांच्यावर लिहीत नाही, हसून हसून पुरेवाट होते.

हिंजवडीग्रस्त

वाखूसा (वाचनखूण साठवली). सगळ्यांचेच प्रतिसाद भारी.

माझं: 'गोइंग पोस्टल' (२००४). मॉइस्ट फॉन लिपविग हा भामटा फासावर जातो, आणि मग डोळे उघडतो तर समोर शहराचा हुकूमशहा व्हेटिनारी. पर्याय दोन. बंद पडलेलं टपाल खातं चालव, किंवा ते दार उघडून निघून जा. दारापलीकडे खोल खड्डा आहे. तो टपाल खातं घेतो. इमारतीत न वाटलेल्या पत्रांचे ढीग, खोल्याच्या खोल्या भरलेल्या. तो तिकिटं काढतो, जाहिरात करतो, आणि बघता बघता खोटं बोलता बोलता खरं काम करून बसतो.

पण आमच्यासारख्यांना हे पुस्तक चावतं ते दुसऱ्या कारणाने. टपालाचा प्रतिस्पर्धी म्हणजे क्लॅक्स, मनोऱ्यांवरून झडपांनी निरोप पाठवणारी तारयंत्रणा. ती ज्या तंत्रज्ञांनी उभी केली त्यांच्याकडून ती पैशांच्या खेळात हिसकावली गेलीय. नवीन मालक दुरुस्तीला वेळ देत नाहीत, माणसं कमी करतात, यंत्रणा सतत चालू पाहिजे. पोरं मनोऱ्यावरून पडून मरतात. मी कुठल्याही कंपनीबद्दल बोलत नाहीये, सर्वांनी शांत बसावं.

मेलेल्या सोबत्याचं नाव हे लोक तारेवर फिरतं ठेवतात. पुढे 'जीएनयू' अशी खूण: जी म्हणजे पुढे पाठवा, एन म्हणजे नोंद करू नका, यू म्हणजे टोकाला पोचलं की उलट फिरवा. ज्याचं नाव अजून घेतलं जातंय तो पुरता मेलेला नसतो, असा त्यांचा समज. १२ मार्च २०१५ला प्रॅचेट गेला आणि जगभरच्या संगणकवाल्यांनी आपापल्या संकेतस्थळांच्या न दिसणाऱ्या शीर्षओळींत 'जीएनयू टेरी प्रॅचेट' टाकलं. 'एक्स-क्लॅक्स-ओव्हरहेड' नावाची ओळ. आमच्याही एका सर्व्हरवर आहे. कुठल्या ते नोंद करू नका.

खवट

हे मात्र आवडलं. पण मग संस्थळाच्या व्यवस्थापकांनी इथेही टाकावी ती ओळ. काडी टाकून जातो.

विवेकी

सगळं वाचलं. एक शंका. धागाकर्तीने 'स्मॉल गॉड्स'वरून पेठांतल्या मारुतींना प्रमाणपत्र दिलं. पण प्रॅचेट स्वतः निरीश्वरवादी होता, ब्रिटिश मानवतावाद्यांच्या संघटनेचा जाहीर समर्थक होता. त्या पुस्तकात श्रद्धेची चिकित्सा आहे, कौतुक नाही. जग सपाट आहे म्हटल्याबद्दल माणसं जाळणारा मठ आणि 'तरीही कासव फिरतंय' म्हणणारे बंडखोर. गॅलिलिओची गोष्ट उलटी करून सांगितलीय, कारण इथे मठ म्हणतो पृथ्वी गोल आणि खरं आहे ते सपाट जग आणि कासव!

कासवगती

विवेकी, प्रमाणपत्र कुठे दिलं मी? टोपणनावं मोजली फक्त. :)

पण तुमचा मुद्दा अर्धा बरोबर. चिकित्सा आहेच. तरी ब्रूथा शेवटी ओमला सोडून देत नाही, त्याच्याशी भांडतो. तू देव असशील तर आधी माणसांशी नीट वाग, असा करार करायला लावतो. नुसती खिल्ली उडवायची असती तर पुस्तक शंभर पानांत संपलं असतं. आणि 'हॉगफादर' (१९९६) वाचलंय ना? त्यात सणाच्या रात्री भेटवस्तू वाटणारा बाबा गायब होतो आणि मृत्यू त्याच्या जागी खोटी दाढी लावून घरोघर जातो. नात विचारते, हे सगळं कशासाठी? तो म्हणतो, विश्व दळून वस्त्रगाळ पीठ कर, त्यात न्यायाचा एक कण सापडतो का बघ. सापडणार नाही. तरी तुम्ही न्याय असल्यासारखं जगता. छोट्या खोट्यांवर विश्वास ठेवायची सवय लागते, तेव्हा कुठे मोठ्या पेलतात. हे निरीश्वरवाद्यानेच लिहिलंय, म्हणून मला जास्त पटतं.

विवेकी

वाचलंय. तेच तर माझं उसनं न देण्याचं पुस्तक आहे. तुम्ही आधी सांगून टाकलंत.

मुठाकाठचा

त्यात अनोया पण येते ना, खणात अडकणाऱ्या वस्तूंची देवी? कालथा अडकून खण उघडत नाही तेव्हा तिचं नाव घ्यायचं?

तळटीप

तिचं नाव 'गोइंग पोस्टल' आणि पुढच्या पुस्तकांत जास्त येतं. 'हॉगफादर'मध्ये दारू उतरतानाच्या डोकेदुखीचा देव आहे. बिचारा स्वतः एक थेंब पीत नाही, दुसऱ्यांची सगळी डोकेदुखी त्याला होते.

शेवटचं_पान

मी जरा वेगळं सांगतो. मी जे पुस्तक देत नाही ते मी स्वतःही वाचलेलं नाही.

'द शेफर्ड्स क्राउन', २०१५. एक्केचाळिसावं आणि शेवटचं, तो गेल्यानंतर आलेलं. टिफनीचीच गोष्ट. विकत घेतलंय, कव्हर घातलंय, कपाटात आहे. उघडत नाही. उघडलं की संपलं. त्याच्या मुलीने, ऱ्हियानाने, मालिका पुढे लिहिणार नाही असं स्पष्ट सांगितलंय, म्हणजे नवीन काही येणार नाही.

डिसेंबर २००७मध्ये त्याने स्वतःच जाहीर केलं, अल्झायमर झालाय म्हणून. मेंदूच्या मागच्या भागापासून सुरू होणारा विरळा प्रकार. आधी टंकता येईना, मग तो सांगायचा आणि संगणक किंवा त्याचा सहायक लिहून घ्यायचा. तशात अनेक पुस्तकं लिहिली. संशोधनाला दहा लाख डॉलर दिले. माझ्या वडिलांना याच काळात हाच आजार झाला. आमच्या घरात तेव्हा कुणी तो शब्द मोठ्याने उच्चारत नव्हतं, 'विसरभोळे झालेत' एवढंच. आणि हा माणूस दूरचित्रवाणीवर येऊन सांगत होता की मला टाय बांधता येत नाही, आणि मला संताप येतोय. मी वडिलांशी पहिल्यांदा उघड बोललो ते त्याचं ऐकून.

खवट

वाचा ते पुस्तक. सगळं नीट जुळलेलं नाही, त्याला हात फिरवायला वेळ मिळाला नाही हे जाणवतं. पण सुरुवातीची ऐंशी-शंभर पानं त्याच्या आधीच्या पुस्तकांइतकीच चांगली आहेत. ठेवून काय करणार?

आजीचा_बटवा

खवटराव, राहू द्या ना त्यांच्या कपाटात. तुमचं काय जातंय?

तळटीप

अर्धवट राहिलेल्या पुस्तकांचं त्याने काय करायला सांगितलं होतं माहितीये ना? संगणकाची हार्ड डिस्क रस्त्यावर ठेवा आणि वरून वाफेचा रोडरोलर फिरवा. २०१७च्या ऑगस्टमध्ये डॉर्सेटच्या वाफेच्या इंजिनांच्या जत्रेत खरोखर फिरवला. म्हणजे वारसांना नाइलाजानेसुद्धा काही छापता येऊ नये.

माझं उत्तर राहिलंच. 'नाइट वॉच' (२००२). व्हाइम्स एका खुन्याचा पाठलाग करताना तीस वर्षं मागे फेकला जातो आणि त्याला त्याच्याच तरुणपणीच्या पोरसवदा शिपायाला घडवावं लागतं. शहरात क्रांती पेटलेली. हा बाबा क्रांतीच्या भाषणांवर विश्वास न ठेवता आपल्या गल्लीतल्या लोकांना रात्रभर जिवंत ठेवायचं बघतो. कोण मरणार आहे हे त्याला आधीच ठाऊक, तरी त्यांच्याशी पत्ते खेळल्यासारखं साधं वागतो. विनोद जवळजवळ नाहीच. मला व्हेटिनारीच्या तोंडची वाक्यं पाठ होती, या पुस्तकानंतर ती म्हणावीशी वाटेनात.

२५ मे हा त्या पुस्तकातला दिवस. त्या दिवशी वाचक कोटावर लायलॅकचा तुरा लावतात. इथे लायलॅक कुठला? मी ताम्हण लावतो. मेमध्ये फुललेलं असतं, रंगही जवळचा, आणि आपलं राज्यफूल. कार्यालयात कुणीतरी विचारतंच, आज काय विशेष? मी म्हणतो, उकडलेलं अंडं. (पुस्तकातल्या क्रांतीच्या घोषणेतली ही एक मागणी.)

हिंजवडीग्रस्त

तळटीप, पुढच्या २५ मेला आमच्याकडच्या ताम्हणाची फांदी आणतो. आणि 'थड!'बद्दल (२००५) कुणीच बोललं नाही? व्हाइम्स कितीही काम असलं तरी संध्याकाळी सहाला घरी येऊन पोराला तेच एक चित्रांचं पुस्तक वाचून दाखवतो. एकदा चुकवलं की दुसऱ्यांदा चुकवायला कारण सापडतं, म्हणून कधीच नाही. त्याला वेळेत पोचवायला शिपाई रस्ते मोकळे करून देतात. वाकडच्या चौकात सव्वासहाला मी काय म्हणतो ते इथे लिहिता येत नाही. मुलगी झोपायच्या आत पोचतो, एवढंच.

नवखा_वाचक

सगळ्यांचे आभार. गोंधळ आधीपेक्षा वाढला. शनिवारी जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो, तुम्ही सांगितलेल्यांपैकी एकही नव्हतं. 'पिरॅमिड्स' नावाचं मिळतंय, पाठीमागचं पान थोडं फाटलंय. याच्याबद्दल इथे कुणीच काही लिहिलं नाही. चांगलं नाहीये का? आत्ता दुकानातच उभा आहे.

तळटीप

घ्या की. १९८९चं, ब्रिटिश सायन्स फिक्शन असोसिएशनचा पुरस्कार मिळालेलं. त्यातल्या उंटाकडे नीट लक्ष द्या, तो डिस्कवरचा सर्वात थोर गणिती आहे. आधीचं काही वाचलेलं असण्याची गरज नाही.

मुठाकाठचा

गार्ड्स! गार्ड्स! त्यानंतर लगेच.

खवट

कितीला देतोय?

नवखा_वाचक

दीडशे म्हणतोय.

खवट

फाटलेलं पान दाखवा आणि ऐंशी सांगा.